तारा डॉक्टरांच्या, दात आपले

आमच्या घरात सध्या दोघांच्या दातांवर उपचार चालू आहेत. धाकटा नववीत आहे, प्रत्येक दातावर ब्रॅकेट नावाचा बारीक तुकडा चिकटवून त्याच्या दातांना धातूच्या तारा लावल्या आहेत. लेक पुण्यात नोकरी करते, तिने पारदर्शक अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारे प्लॅस्टिकचे ट्रे, घेतलेत. माझी बहीण कोल्हापुरात वेडेवाकडे दात सरळ करण्याचंच काम करते. बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात तिने एमडीएस केलं. धाकट्याच्या नात्याने मी इथे बहिणीला मावशी म्हणते आणि लेकीला ताई. भोगीला सगळे एकत्र आले तेव्हा ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, मधे तिळाच्या वड्या, बोरं, उसाची कांडी. धाकटा यातल्या कशाला हात लावावा या विचारात बसलेला. तिथून दोघींचं जे सुरू झालं ते जेवणं उरकल्यावरही चालू राहिलं. ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण दोघी ज्या गोष्टीवर भांडत होत्या ती तारा लावलेल्या प्रत्येक घरात रोज घडते.

ताई : मावशी, तू दिलेल्या छापील कागदावर पॉपकॉर्न नको, टॉफी नको, बर्फ नको, एवढंच आहे. हा पॉपकॉर्न खातो कधी? फुटाणे, चिक्की, चकली, डिंकाचा लाडू यांचं नाव कुठे आहे त्यात? त्याला वाटलं, जे लिहिलेलं नाही ते चालतं. लाडवाने ब्रॅकेट निघालं आणि बोलणी त्याने खाल्ली.

मावशी : ब्रॅकेट निघालं म्हणून नाही बोलले मी. निघाल्यावर तो पुढच्या भेटीपर्यंत गप्प बसला, म्हणून बोलले.

ताई : आणि गप्प का बसला? त्याच्या आधीच्या वेळी हिरड्या सुजल्या होत्या तेव्हा तू त्याला सगळ्यांसमोर आरसा दाखवलास. चौदा वर्षांचा मुलगा आहे. लाज वाटली की मुलं लपवतात.

यावर मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मला ताईचं म्हणणं पटतं. दवाखान्यात रागावणं ऐकलेलं मूल पुढच्या वेळी नीट ब्रश करेलच असं नाही, पण तुटलेलं लपवेल हे नक्की. आणि या उपचारात लपवलेलं महागात पडतं. ते का, हे मावशीने पुढे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

मावशी : ब्रॅकेट दातावर चिकटवतात ते बेताच्याच ताकदीने. त्याहून घट्ट चिकटवून चालत नाही, कारण शेवटी ते काढायचं असतं आणि काढताना दाताच्या इनॅमलचा, म्हणजे वरच्या कडक थराचा, टवका उडता कामा नये. कडक लाडवावर जोर पडला तर दाताआधी ब्रॅकेट सुटावं, हेच बरं. त्यामुळे सुटलं याचा मला राग नाही. पण सुटल्या क्षणापासून त्या दातावरचा जोर थांबतो. बाकीचे सरकत राहतात, हा मागे राहतो, कधी परत फिरतो. दात महिन्याला सरकतो साधारण एक मिलिमीटर. त्यातले चार आठवडे गेले तर उपचार तेवढा लांबला.

ताई : मग जोर वाढवून भरून काढता येत नाही?

मावशी : नाही, आणि हेच लोकांना पटत नाही. दाताचं मूळ थेट हाडाला चिकटलेलं नसतं. दोहोंच्या मधे तंतूंचा अगदी पातळ पडदा असतो, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. झोळीत बाळ असावं तसा दात त्या तंतूंवर तोललेला असतो. तार ज्या बाजूला रेटते तिकडचे तंतू दबतात आणि तिथलं हाड शरीरातल्याच पेशी विरघळवतात. मागच्या बाजूचे तंतू ताणले जातात, तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. काम शरीर करतं, मी फक्त दिशा देते. फार जोर लावला तर दबलेल्या बाजूचा रक्तपुरवठाच थांबतो आणि दात अडून बसतो. म्हणून जोर हलका हवा, पण सतत हवा. ब्रॅकेट सुटलं काय किंवा तुझा ट्रे डबीत पडून राहिला काय, नुकसान एकाच जातीचं.

हे पहिल्या दिवशी, तारा लावण्याआधी, आईबापांना आणि मुलाला शेजारी बसवून सांगायला हवं. आम्हाला सूचनांचा कागद मिळाला होता. त्यामागचं कारण मिळालं नव्हतं. कारण कळल्यावर धाकट्याने स्वतःहून विचारलं, की दुपारी सुटलं तर दुपारीच फोन केला तर चालेल का. मावशी म्हणाली, चालेल म्हणजे, करायचाच.

ताई : म्हणून तर मी अलाइनर घेतले. ब्रॅकेट निघायचा प्रश्न नाही, तार टोचत नाही. जेवताना काढून ठेवते, चकली खाते, ऊसही खाते. झिया चिश्तीने मोठेपणी स्वतः तारा लावल्या होत्या, त्यावरून त्याला हे सुचलं. १९९७ मध्ये त्याने आणि केल्सी वर्थने मिळून कंपनी काढली आणि त्यातून इनव्हिजलाइन नावाचे अलाइनर आले. मोठ्या माणसाला मोठ्या माणसासारखं वागवणारी सोय आहे ती. मला काढायचं स्वातंत्र्य आहे.

मावशी : स्वातंत्र्य आहे हे खरंच. माझ्याकडेही अलाइनरचे पेशंट आहेत आणि योग्य दातांसाठी ते उत्तम आहेत. पण तार रात्रंदिवस दाताला लागलेलीच असते, पेशंट झोपला तरी, कंटाळला तरी. अलाइनर पेशंटने घातला तरच काम करतो. दिवसाचे बावीस तास. आता तुझा दिवस सांग. सकाळचा चहा, नाश्ता, अकराचा चहा, डबा, चारचा चहा, रात्रीचं जेवण. सहा वेळा काढलास. दर वेळी वीस मिनिटं धरली तरी दोन तास तिथेच संपले. मीटिंगआधीची भेळ आणि कोणाच्या वाढदिवसाचा केक त्यात धरलेलाच नाही.

ताई : म्हणून कधी कधी चहा ट्रे घालूनच घेते.

मावशी : अगं!

तिचा आवाज एवढा चढला की आतून आजी बाहेर आली. पुढची सगळी चर्चा या एका कपावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आपल्याकडे साखरेच्या गरम चहाची वेळ दिवसातून तीन-चारदा येते. अलाइनरच्या डबीबरोबर येणाऱ्या सूचनांत "गरम पेयं टाळा" अशी एक ओळ असते. पण इथल्या माणसाचा निम्मा दिवस त्या ओळीत अडकतो.

मावशी : एक तर तो ट्रे पातळ प्लॅस्टिकचा, गरमीने त्याचा आकार बिघडतो. तुझ्या दातांवर तो साधारण पाव मिलिमीटरच्या हिशेबाने बेतलेला असतो, तिथे किंचितही वाकला तर तो ट्रे कामाचा राहिला नाही. दुसरं, त्याचा रंग पिवळा होतो, म्हणजे लपवण्यासाठी घेतलेली वस्तू उलटी दिसायला लागते. पण ही दोन्ही किरकोळ. तिसरं खरं. दातांवर जो चिकट थर साचतो त्यातले जंतू साखरेचं आम्ल करतात. पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज निघायला लागतं. उघड्या तोंडात लाळ येऊन ते आम्ल धुते, निवळवते, थोडं खनिज परत भरते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. ट्रे घालून गोड चहा प्यायलीस तर चहा आत जातो आणि लाळ बाहेर राहते.

ताई : म्हणजे चहा सोडू?

मावशी : सोडू नकोस. सोड म्हटलं तर चार दिवस सोडशील आणि पाचव्या दिवशी लपून पिशील. चहा खाण्याला जोड. सकाळचा चहा नाश्त्याबरोबर, दुपारचा डब्याबरोबर. म्हणजे तोंड सहा वेळा नाही, तीन-चार वेळा उघडलं. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. ताक नाही, कोकम सरबत नाही, लिंबूपाणीही नाही. त्यात साखर नसली तरी आंबट असतं.

ताई : हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. "बावीस तास घाला" एवढंच सांगितलं होतं.

तीच तर माझी तक्रार आहे. नियम सांगणं सोपं असतं, तो आपल्या घड्याळात बसवून देणं अवघड. आणि दुसरं केल्याशिवाय पहिल्याचा उपयोग नाही.

ताईने मग दुसरा मुद्दा काढला. तिच्या ऑफिसातल्या एकाने परदेशातून अलाइनर मागवले होते, घरीच दातांचा साचा घेऊन. स्वस्त पडले. मावशीचं यावर ठाम मत आहे.

मावशी : अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची मोठी कंपनी अशी घरपोच अलाइनर द्यायची. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरात बंद झाली. ज्यांचे दात अर्धे सरकले होते त्यांनी कुणाकडे जायचं? कंपनी चालू असती तरी माझा प्रश्न राहतोच. हिरड्या कशा आहेत, मुळाशी हाड किती आहे, कुठे कीड आहे का, हे कोणी तोंड उघडून, एक्स-रे काढून पाहिलं होतं? सुजलेल्या हिरडीतला दात सरकवला तर हाड घटतं. काळजी घेणं ट्रे धुण्यापासून सुरू होत नाही बाई, ते या तपासणीपासून सुरू होतं.

ताई : पण पैशाचं काय? सगळ्यांना नाही परवडत.

मावशी : नाहीच. म्हणूनच मी मोठ्या कॉलेजांची नावं सांगते. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे एमडीएसचे विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. वेळ जास्त जातो, खेपा पडतात. पण तारा लावलेल्या तोंडाची काळजी घरी घ्यायची असते, ती कुठेही तेवढीच घ्यावी लागते.

इथून बोलणं धाकट्याच्या शाळेकडे वळलं. मला सगळ्यात जास्त याचीच काळजी वाटते.

ताई : तुझा कागद म्हणतो, प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करा. याच्या शाळेत डब्याची सुट्टी वीस मिनिटांची. नळाला पाणी असेलच असं नाही, आरसा तर नाहीच. मुलांसमोर ब्रश काढला की चिडवतात. तू सांग, हा कसा करेल?

मावशी : नाही करणार. मान्य आहे.

ताई : मग तसं लिही ना कागदावर.

मावशी : ऐक. शाळेत त्याने पाण्याने जोरात चूळ भरायची. पाच-सहा वेळा, गालात पाणी खळबळून. बाटलीतल्या पाण्याने जमतं, नळ लागत नाही. घरी आला की ब्रश. आणि रात्रीचा ब्रश, त्यात माघार नाही. झोपेत लाळ अगदी कमी होते. दिवसा जे लाळ सांभाळून घेते ते रात्री कोणी सांभाळत नाही. रात्री मोहरीचा दाणा, भाकरीचा कण, तीळ ब्रॅकेटच्या कडेला अडकून राहिला तर सात-आठ तास तो तिथेच.

ताई : आणि नाही केलं तर?

मावशी : तर तारा निघतील त्या दिवशी दिसेल. दात सरळ झालेले असतील आणि प्रत्येक दातावर, ब्रॅकेट होतं तेवढी जागा सोडून, भोवती खडूसारखा पांढरा डाग. खनिज गेलेलं इनॅमल आहे ते. हे डाग पडायला वर्ष लागत नाही, महिन्याभरात सुरुवात होऊ शकते. काही डाग वेळेवर लक्ष दिलं तर पुसट होतात, पण पूर्वीसारखं इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. तार मी दहा वेळा बदलून देईन, ब्रॅकेट दहा वेळा चिकटवून देईन. इनॅमल मला देता येत नाही. म्हणून मी बोलते गं.

तिचा कडकपणा कुठून येतो हे मला तेव्हा दिसलं. ज्या मुलाचं हसू चांगलं व्हावं म्हणून दोन वर्षं खपायचं, त्याच हसण्यात डाग राहून गेलेले बघणं तिला सोसत नाही.

ब्रश कसा करायचा ते तिने धाकट्याला आरशासमोर उभं करून दाखवलं. ब्रॅकेटच्या वरची कड आणि खालची कड या दोन वेगळ्या जागा. हिरडीकडच्या कडेला ब्रश तिरका धरून दातांच्या टोकाकडे, दुसऱ्या कडेला उलटा तिरका करून हिरडीकडे. हिरडीलगतची रेघ वगळायची नाही, बहुतेक मुलं तीच वगळतात. मग बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश मिळतो, तो तारेखालून, दोन ब्रॅकेटच्या मधे. रात्री या सगळ्याला चार-पाच मिनिटं जातात. ब्रॅकेटवर घासून ब्रशचे केस लवकर फिसकटतात, तेव्हा तीन महिन्यांची वाट न बघता बदलायचा. टूथपेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण वाचायचं, १००० पीपीएमच्या आसपास हवं. वनस्पतींच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतंच. फ्लोराइडचं वेगळं माउथवॉश मात्र आपल्या मनाने सुरू करायचं नाही, डॉक्टरांना विचारून. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि त्याने आधीच दातांवर डाग असतात. म्हणून तारा लावण्याआधीचे फोटो काढून ठेवलेले बरे, नाही तर नंतर कुठला डाग कशाचा ते कळत नाही.

आजीने मधेच राखुंडीचं नाव काढलं. तिचे दात ऐंशीव्या वर्षीही शाबूत आहेत. मावशीने आजीला न दुखावता सांगितलं, की राखुंडी खरखरीत असते, ती इनॅमल झिजवते आणि ब्रॅकेटच्या कडेला साचून बसते. मिश्रीचं मात्र ती सौम्यपणे बोलली नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, ती हिरडीलाही नको आणि तोंडातही नको. गावाकडच्या तिच्या कितीतरी पेशंटच्या आया मिश्री लावतात आणि मुलीही बघून शिकतात. तिचा आवाज पुन्हा चढला. तो चढावा असंच मला वाटतं.

मग दोघींनी मिळून कागद नव्याने लिहायला घेतला, आणि तिथेही एकमत होत नव्हतं.

ताई : "नको" ची यादी नको करू. काय कसं खायचं ते लिही.

मावशी : काही गोष्टी नकोच आहेत. उसाचं कांडं दाताने सोलणं नको, मटणाची नळी फोडणं नको, सुपारी नको, चिक्की नको.

ताई : बरं. पण भाकरी?

मावशी : गरम मऊ भाकरी चालते. कडक झालेली आमटीत, दुधात कुस्करून. पेरू, सफरचंद फोडी करून मागच्या दातांनी. कणीस दाणे सोलून. मिसळीतली शेव रस्स्यात भिजली की चालते, वरची कोरडी नको. चकली तुकडे करूनही नको, ती मोडताना कुठे जोर देईल सांगता येत नाही.

ताई : तिळाची वडी?

मावशी : हे बघ, इथे दोन वेगळे धोके आहेत आणि लोक ते एकत्र करतात. कडक पदार्थ ब्रॅकेट मोडतो. चिकट आणि गोड पदार्थ दात किडवतो. मऊ गूळपोळी ब्रॅकेट मोडत नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही. कडक वडी ब्रॅकेटही मोडते. हलव्याचे दाणे चघळत तासभर तोंडात फिरवणं सगळ्यात वाईट, कारण आम्ल खाली उतरूच देत नाही. गोड खायचं तर जेवणाबरोबर, एकदाच, आणि नंतर चूळ. रसवंतीवर उसाचा रस प्यायचा तर एका बैठकीत पी, घोट घोट करत दुपारभर नको.

त्या दिवशी धाकट्याने गूळपोळी खाल्ली, जेवताना.

हळदीचा मुद्दा मीच काढला, कारण पहिल्या महिन्यात त्याच्या तारांवरची पारदर्शक रबरं पिवळीधमक झाली होती आणि तो शाळेत तोंड मिटून बसायचा. मावशी म्हणाली, आपल्या जेवणात हळद आहे तोवर पारदर्शक रबर पिवळं होणारच. करडी किंवा गडद रंगाची रबरं घ्यावीत. दर चार-सहा आठवड्यांनी ती तशीही बदलतात. एवढी साधी गोष्ट. पण ती विचारायला त्याचं धाडस झालं नव्हतं.

दुखण्याबद्दल दोघींचं फारसं वाजलं नाही. तार बदलल्यावर किंवा नवा ट्रे घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात, मऊ भात, खिचडी खावी, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. गालाला घासून व्रण आला तर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ. तार टोचत असेल तर जागा पुसून कोरडी करायची, मेणाची बारीक गोळी करून त्यावर दाबायची. टोक वळवायचं झालं तर पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबराच्या बाजूने हलकेच. घरी पक्कड, नेलकटर घेऊन उद्योग करायचा नाही. ब्रॅकेट सुटून हातात आलं तर ते डबीत ठेवून दवाखान्यात न्यायचं. गिळलं गेलं तर बहुधा ते पोटातून निघून जातं, पण खोकल्याची उबळ थांबत नसेल, श्वास अडत असेल, तर दंतवैद्याची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. कबड्डी किंवा क्रिकेट खेळताना तोंडात माउथगार्ड हवं, नाही तर चेंडू लागल्यावर ओठ आतून ब्रॅकेटवर फाटतो.

आणि वरच्या-खालच्या दातांना जोडणारी छोटी रबरं, जी मुलाने स्वतः लावायची असतात, त्यांचं काय? तारा लावलेल्या मुलांत अलाइनरसारखीच परीक्षा तिथे असते. ती रोज बदलायची, कारण ताणून ती ढिली होतात. काल राहिली म्हणून आज दोन-दोन लावायची नाहीत.

ताईच्या ट्रेची झडती शेवटी झाली. ती टूथपेस्ट लावून ट्रे घासायची. मावशीने तो उजेडात धरून त्यावरचे ओरखडे दाखवले. त्या ओरखड्यांत जंतू साचतात आणि ट्रे धुरकट होतो. साध्या गार पाण्याखाली, मऊ ब्रशने, फार तर सौम्य साबणाने धुवायचा. काढला की थेट डबीत, टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी कधीच नाही. हॉटेलात वेटर तो टिश्यू उचलून नेतो. घरात कुत्रा असेल तर उंचावर ठेवायचा. आधीचा ट्रे टाकून द्यायचा नाही; चालू ट्रे हरवला तर डॉक्टरांना फोन करून, ते सांगतील तर आधीचा घालायचा किंवा पुढचा. दातांवर चिकटवलेले बारीक उंचवटे असतात, त्यांच्या कडेला ब्रश नीट फिरवायचा. "अलाइनर आहेत म्हणजे ब्रॅकेटसारखं काही साचत नाही" हे ताईचं म्हणणं तिथे मागे पडलं.

ताई : एक मात्र सांग. हे सगळं केलं, दोन वर्षं केलं, मग संपलं ना?

मावशी : मग रिटेनर, सरळ झालेले दात तिथेच धरून ठेवणारा.

ताई : किती दिवस?

मावशी : सुरुवातीचे महिने जवळजवळ पूर्ण वेळ, मग रात्री. रात्रीचा किती वर्षं, तर दात तिथेच राहावेत असं वाटतं तेवढी वर्षं. हिरडीतले तंतू नव्या जागेला सरावायला वर्ष घेतात, तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. वयानुसारही दात थोडे सरकतात, तारा न लावलेल्यांचेसुद्धा. काहींना खालच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवतो. तिच्याखालून दोरा ओवून रोज साफ करावं लागतं, नाही तर तिथे दगडासारखा थर जमतो.

ताई : हे पैसे भरण्याआधी सांगायला हवं.

मावशी : संमतीच्या कागदावर असतं.

ताई : कागदावर असणं आणि सांगणं एक नाही, मावशी. मी सही केली तेव्हा समोर दहा पानं होती.

मावशीने हे नाकारलं नाही. दवाखान्यात रांग लागलेली असते, एका पेशंटला पाऊण तास देता येत नाही, हेही तिने सांगितलं, आणि ते खरं आहे. तरी मला वाटतं, तारा चिकटवायला जो तास जातो तेवढाच मोलाचा तो समजावण्याचा पाऊण तास आहे, आणि त्यासाठी वेगळी वेळ ठेवायला हवी. मावशी म्हणाली, आता पहिल्या भेटीला मुलाला आणि जो स्वयंपाक करतो त्याला, दोघांना बोलावेन.

मावशी : आणि तू तुझ्या डॉक्टरांना आत्ताच विचार, रिटेनरचे पैसे ठरलेल्या रकमेत धरलेत का, आणि हरवला तर नवा कितीला पडेल. उपचार चालू असताना विचारलेलं बरं असतं. आणि पुढे कधी रिटेनर घट्ट वाटला तर समज, मधल्या रात्री चुकल्यात. तो रोज घालायला लाग. बसतच नसेल तर दाबून बसवू नकोस, त्याच आठवड्यात दाखव.

ताईने तिथेच मेसेज टाकला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पैसे धरलेले नव्हते.